आपलं असू दे

तिची एक ओळ गेली होती. सकाळी ती जागेवर येऊन बसली, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, कॉफीचा पहिला घोट अजून घ्यायचा होता, आणि समोर पडद्यावर तिची फाइल, परस्पर कुणीतरी केस कापून आणलेल्या मुलासारखी, ओळखीची आणि अनोळखी दिसली. काढून टाकलेल्या ओळी कॉम्प्युटर तांबड्या दाखवतो, नव्या घातलेल्या हिरव्या. हिरवं काहीच नव्हतं. तांबडी फक्त एक ओळ, आणि तिच्या डोक्यावर तिनेच पूर्वी कधीतरी लिहिलेला शेरा, तोही तांबडा : 'आपलं असू दे.' शेरा म्हणजे कॉम्प्युटर वाचत नाही असं वाक्य. माणसाने पुढच्या माणसासाठी ठेवलेलं. तिने कप खाली ठेवला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जाते तशी तिची नजर त्या तांबड्या पट्टीवर जात राहिली, आणि राग यायच्या आधी तिला दुसरंच काहीतरी आलं. ही ओळ आपण का लिहिली होती, ते तिला आठवेना.

राग त्यानंतर आला आणि तो तसा बरा वाटला, कारण तो ओळखीचा होता. त्या फाइलला हात लावायचा तर आधी ताईंना विचारायचं, हे ऑफिसात कुणाला शिकवावं लागत नसे. फाइलच्या माथ्यावरच तिने लिहून ठेवलं होतं, 'विचारल्याशिवाय बदल करू नये.' तिच्या मागे लोक त्या फाइलला 'ताईंचं माहेर' म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि वरवर नाक मुरडलं तरी मनातून आवडत होतं. ही कंपनी हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम लिहिते. प्रत्येक वॉर्डात एक पडदा असतो, त्यावर त्या वॉर्डातल्या पेशंटची नावं, प्रत्येकाचं औषध आणि वेळ. वेळ झाली की नाव लाल होतं, आणि नर्स 'दिलं' असं बटण दाबेपर्यंत लालच राहतं. कुठल्या पडद्यावर कुणाचं नाव कधीपर्यंत दिसायचं, एवढंच ती फाइल ठरवते. एवढंच, पण कंपनीतली बाकीची सगळी कामं, बिलं, अहवाल, बेडचे नकाशे, त्या फाइलच्या तोंडाकडे बघत उभी असतात. तिने ती फाइल पहिल्या वर्षी लिहिली, एकटीने, आणि नंतरही एकटीनेच सांभाळली. स्वयंपाकघरातले डबे जसे अंधारातही हाताला लागतात तशा तिच्या ओळी तिला लागत. असं तिला आजपर्यंत वाटत होतं.

ओळ काढणाऱ्या मुलीला सगळे 'नवी' म्हणत. ती येऊन बरेच महिने झाले होते, तिच्यानंतरही दोघं आले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती खिडकीजवळ बसे, बूट काढून, एक पाय खुर्चीवर घेऊन. ताई तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ही ओळ तू काढलीस?"

"हो ताई." नवीने कानातून इअरफोनचं एक बटण काढलं. "एकच नाव दोन वॉर्डांत दिसतं म्हणून तक्रार येत होती ना, त्याचं मूळ हीच ओळ. काढली, तक्रार मिटली. सगळ्या चाचण्या पास झाल्या."

"विचारायचं नाही?"

"विचारणारच होते. पण तुम्ही निघाला होतात. आणि सरच म्हणाले ना, कोड आपला." तिने पाय खाली घेतला. "शिवाय वर शेराही होता, असू दे आपलं. म्हटलं, कधीतरी घातलेलं काहीतरी राहून गेलं असेल." मग खरोखरच्या उत्सुकतेने तिने मान वळवली. "कशासाठी होती ताई?"

"आहे कारण," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर परत आली. चालताना तिला आपल्या चपलांचा आवाज जरा जास्तच ऐकू आला.

कोड आपला. दोन आठवड्यांपूर्वी मॅनेजरने सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावून हे जाहीर केलं होतं. तो तिच्यापेक्षा वयाने लहान, बोलताना पेनचं टोपण काढत-घालत असे. यापुढे अमकी फाइल अमक्याची, असं नाही. कुणीही कुठेही दुरुस्ती करावी, दुसऱ्याने ती तपासावी, मग ती आत जाईल. आपल्या प्रोग्रामवर टेक्निकल डेट, तांत्रिक कर्ज, फार साचलंय, म्हणजे आज जमत नाही म्हणून उद्यावर ढकललेली कामं, आणि ती ढकलत ढकलत आता अशी अवस्था आलीय की एक खिळा ठोकायचा तर भिंत हलते. सगळ्यांनी माना हलवल्या. तिनेही हलवली. तिच्या शेजारचा, ज्याला सगळे ठिगळ्या म्हणत आणि जो स्वतःही फोनवर 'ठिगळ्या बोलतोय' असं सांगे, तो कानाशी पुटपुटला, "आपला म्हणजे जिन्यातला दिवा हो ताई. गेला की सगळे चाचपडत चढणार, पण बदलणार कोण?" ती हसली होती. कारण त्यात खोटं काही नव्हतं. प्रोग्रामचा पहिला दरवाजा, जिथे लोक नाव आणि पासवर्ड घालून आत येतात, तो भाग पहिल्यापासून सगळ्यांचा. त्यातून सगळे जात-येत, कुणी झाडत नसे. तो भाग उघडला की तिला सार्वजनिक नळाखालच्या शेवाळाचा वास येई. आणि तिची फाइल बघा. मनातल्या मनात ती त्या दिवशी अगदी सासूसारखं म्हणाली होती, माझी फाइल बघा.

मॅनेजर स्वतःच तिच्याकडे आला. पेनचं टोपण तोंडात होतं, ते काढून म्हणाला, "ताई, मी कुणाची बाजू घेत नाहीये. ओळ हवी असेल तर परत घालू, नको असेल तर जाऊ दे. फक्त कारण सांगा. संध्याकाळी पुढची आवृत्ती हॉस्पिटलांकडे जाणार."

"पुढे ढकलता येणार नाही?"

"त्यात बाकीच्या दुरुस्त्या आहेत, लोक वाट बघतायत. आणि काय सांगून ढकलू? ताईंना बरं वाटत नाहीये?" तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "म्हणजे तुम्हाला माहीतच असणार ना."

"असणारच," ती म्हणाली.

म्हणजे संध्याकाळपर्यंत तिने सांगायचं. ओळ निकामी असेल तर गेलेली बरी. कामाची असेल, आणि तशीच गेली, तर कुठल्यातरी वॉर्डात एखादं नाव लाल व्हायचं तिथे होणार नाही, आणि कुणाची तरी गोळी राहील. कुणाची, कसली, ते इथे बसून कळणार नाही. काचेपलीकडे झाडं हलतात तशी ती माणसं, आवाज नसलेली. कारण न देता ओळ परत घालता आली असती. नाहीतर कारण बनवताही आलं असतं. 'सुरक्षिततेसाठी' असा एक शब्द आहे, त्याला उलट प्रश्न कुणी विचारत नाही. तो शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिथेच, औषधाच्या गोळीसारखा, कडू होऊन बसला. तिला भीती वाटली ती गोळी राहण्याची, हे तिने स्वतःला ठासून सांगितलं. पण त्याच्या खाली दुसरी एक भीती होती, जरा लाजिरवाणी. जे घर आपलं म्हणून आपण कुणाला उंबरठा ओलांडू दिला नाही, त्या घरातली एक खोली आपल्यालाच सापडत नाहीये.

तिने फाइल वरून खाली वाचायला घेतली. वाचता वाचता तिला वडील आठवले. त्याला तसं काही कारण नव्हतं. वडील तिला एका मोठ्या सभागृहात घेऊन जात, तिथे एक म्हातारे गृहस्थ देवाची गोष्ट गाऊन सांगत. बोलता बोलता गात, गाता गाता बोलत. लाकडी जमीन, अंगावरच्या लोकरी कपड्यांचा दमट वास, आणि ती वडिलांच्या कोपराला टेकून. त्या गृहस्थांची छाती अधू होती. एखादी ओळ चढवत चढवत ते अगदी वर न्यायचे आणि श्वास संपला की तिथेच सोडून द्यायचे. आणि त्यांच्या मागे उभी असलेली माणसं ती ओळ वरच्यावर झेलायची. कधी डावीकडचा जाडा, कधी कोपऱ्यातला घोगऱ्या आवाजाचा, कोण ते ठरलेलं नसे. ओळ खाली म्हणून पडायची नाही. घरी येताना तिने एकदा वडिलांना विचारलं, ती ओळ कुणाची असते हो? वडील म्हणाले, "देवाची." मग बरंच अंतर चालून गेल्यावर, जणू तोच प्रश्न अजून चालू आहे अशा आवाजात म्हणाले, "पण पडली तर आपली चूक." तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता, वडील गमतीत बोलतात असं वाटलं होतं. आत्ता ती पडद्यासमोर बसून हळूच म्हणाली, "देवा, एवढं आठवू दे." मोठ्याने नाही. शेजारी ठिगळ्या होता.

फाइलमध्ये उत्तर नव्हतं. मग तिने आजवर कधी न केलेलं एक काम केलं. ती फाइलच्या बाहेर गेली. म्हणजे त्या ओळीमुळे बाहेर काय काय होतं, कोण तिच्यावर अवलंबून आहे, ते शोधायला लागली. आपल्या घराच्या मागच्या बाजूला माणूस सहसा जात नाही. तिची फाइल आतून स्वच्छ होती, सारवल्यासारखी. पण तिच्या चारी भिंतींना टेकून लोकांनी पत्र्याची खोपटी उभी केली होती. एकाने वेळेचा हिशेब तिच्याकडून न घेता स्वतःच नव्याने केला होता. दुसऱ्याने त्या दुसऱ्या हिशेबात तिसरी दुरुस्ती. आणि सगळीकडे शेरे. 'ताईंना विचारणे.' 'ताई रजेवर, तोवर तात्पुरतं.' 'ताईंनी पुढच्या आठवड्यात बघते म्हटलंय.' 'हे खरं म्हणजे ताईंच्या फाइलमध्ये हवं.' त्यातला एक तात्पुरता तर इतका जुना होता की तो लिहिणारा नोकरी सोडून, लग्न करून, परदेशी जाऊन तिथून परतलाही होता. ती एकेक उघडत गेली. कुणीही तिच्याबद्दल वाईट लिहिलं नव्हतं. तेच जास्त लागलं. एखाद्या मोठ्या आजारी माणसाला झोप लागलीय म्हणून सगळं घर चवड्यांवर चालावं, तसे हे सगळे इतकी वर्षं तिच्या भोवती चवड्यांवर चालत होते, आणि चालता चालता सामान वाटेत रचत होते.

ठिगळ्याचंही एक खोपटं होतं. एकच नाव दोन वॉर्डांत दिसलं तर त्यातलं एक पडद्यावर फिकट दाखवायचं.

"हे तू केलंस?" तिने खुर्ची वळवून विचारलं.

त्याने डब्यातला घास तोंडात कोंबला आणि मान वाकडी करून पाहिलं. "अरे बापरे. सापडलं होय." घास गिळून तो म्हणाला, "नर्स ओरडत होत्या ना, की डबल नावं दिसतात. मग केलं फिकट."

"फिकट का? काढून का नाही टाकलं?"

"काढायला तुमच्याकडे यावं लागलं असतं." तो हसला. "फिकट करायला नाही यावं लागलं."

"मग यायचं. मी काय खाते?"

"खात नाही हो. पण तुमच्याकडे आलं की आधी तुम्ही 'का?' विचारता. मग मी 'का' शोधायला जातो. 'का' घेऊन येतो, तर तुम्ही मीटिंगमध्ये. तोवर इकडे नर्स माझा जीव घेते." त्याने डब्याचं झाकण लावलं. "रागावू नका. मी माझं आपलं बाहेरून ठिगळ लावतो, तुम्ही आतून इस्त्री करता. चाललंय की."

"चाललंय," ती म्हणाली. तिला खरंच राग आला नव्हता. आणि न आलेल्या रागाची जागा कशाने भरायची ते कळत नव्हतं.

दुपार उतरायला लागली तशी फोन वाजला. आई. आज आईचा मुक्काम हलायचा दिवस होता. आई काही महिने दादाकडे राही, काही महिने तिच्याकडे. आज दादा तिला टॅक्सीत बसवून देणार होता. आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात, सकाळ, दुपार, संध्याकाळ. ते चुकले की डोळ्यातला दाब वाढतो, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की या आजारात गेलेली नजर परत येत नाही.

"पोचले गं मी," आई म्हणाली. "किल्लीने दार उघडलं. तुझ्या कुंड्यांना पाणी नाही, सुकल्यात सगळ्या."

"दुपारचे थेंब घातले का?"

"नाही बाई. वहिनी म्हणाली, तिकडे पोचलात की ती घालेल. दादा म्हणाला, निघताना हिने घातलेच असतील. मधे मी टॅक्सीत. टॅक्सीवाल्याला सांगू का थेंब घाल म्हणून?" आई स्वतःच्याच विनोदावर हसली. "येशील तेव्हा घाल. मला काय, मी आपली बसलेय."

"बाटली कुठाय?"

"पिशवीत. वरच. बघ, तू काम कर. मी आपली बसलेय."

फोन ठेवल्यावरही ते शब्द कानात राहिले. मी आपली बसलेय. म्हणजे अशीच, काही काम नाही म्हणून. पण शब्द नुसता ठेवला, पुढचं-मागचं काढून, तर दुसराच निघत होता. आपली. तुमची. आपल्या सगळ्यांची. टॅक्सीत असताना कुणाची? आणि हा प्रश्न आधी कुणीतरी विचारला होता. टॅक्सी नव्हती ती. लिफ्ट होती. 'लिफ्टमधला माणूस कुणाचा?' असं कुणीतरी अगदी वैतागून म्हणालं होतं, आणि त्या आवाजामागोमाग स्पिरिटचा वास आला, ओल्या फरशीचा, आणि एक खोली आपोआप उघडली.

पहिल्या वर्षी, फाइल लिहायच्या आधी, ती काही दिवस एका हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन बसत असे. नुसतं बघायला. कोपऱ्यात स्टूल टाकून. तेव्हा पडदे नव्हते. भिंतीवर पांढरा फळा होता आणि त्यावर मार्करने नावं. तिथली मोठी सिस्टर उंच, घाईची, तिला 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणे आणि येता-जाता स्टूल बाजूला सरकवायला लावे. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटला वरच्या वॉर्डात हलवायचं होतं. ढकलगाडी गेली, बेड रिकामा झाला, चादर निघाली. धाकटी नर्स फळ्यावरचं नाव पुसायला गेली तशी सिस्टर पाठमोरी असूनच म्हणाली, "आपलं असू दे ते." ही स्टुलावरून म्हणाली, "पण पेशंट तर गेले ना?" सिस्टर वळली. "गेले कुठे? लिफ्टमध्ये गेले. लिफ्टमधला माणूस कुणाचा? वरच्या म्हणणार, आमच्याकडे आला नाही. आपण म्हणणार, आमच्याकडून गेला. आणि लिफ्ट अडकली म्हणजे? तेवढ्यात औषधाची वेळ झाली म्हणजे? वरून फोन येऊ दे, घेतलं म्हणून. तोपर्यंत आपलं." आणि फोन येईपर्यंत ते नाव फळ्यावर राहिलं. खाली बेड नसलेलं नाव. घरी जाऊन तिने ती ओळ लिहिली होती, आणि सिस्टरचेच शब्द वर ठेवले होते. तेव्हा ते तिला इतके स्पष्ट वाटले होते की पुढे काही लिहायची गरजच वाटली नाही. आपलं असू दे. आपलं राहू दे. पुढे तोच शब्द वाचता वाचता हळूहळू पोकळ झाला. 'असू दे आपलं', जाऊ दे, कशाला काढा.

ती उठली. धावत गेली नाही, पण कॉफी सांडली.

"नवी, एक कर. चाचणीच्या मशीनवर एक खोटा पेशंट घे, आणि त्याला खालच्या वॉर्डातून वर हलव. पण वरच्या वॉर्डात 'घेतलं' दाबू नकोस."

नवीने विचारलं नाही, का. पेशंट बनवला, त्याच्या औषधाची वेळ जवळची घातली, हलवला. दोघी दोन पडदे शेजारी ठेवून बघत राहिल्या. खालच्या वॉर्डातून नाव गेलं. वरच्या वॉर्डात ते नुसतं दिसलं, 'घेतलं' दाबेपर्यंत तिथे ते लाल होत नाही. औषधाची वेळ झाली. कुठेच काही लाल झालं नाही. दोन्ही पडदे स्वच्छ, कुठेच काही चुकलेलं नाही असे. नवीने ओठ चावला. मग तिने ती काढलेली ओळ परत घालून तेच सगळं पुन्हा केलं, आणि खालच्या पडद्यावर नाव लाल होऊन तसंच थांबलं.

"ताई," नवीचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे ही आज संध्याकाळी..."

"गेली नाही ना अजून."

"पण शेऱ्यात तरी लिहायचं होतं ना, हे असं आहे म्हणून."

"लिहिलंय की. आपलं असू दे."

नवीने तो शेरा पुन्हा वाचला. ताईने तिच्या चेहऱ्यावर अर्थ फिरताना पाहिला. "आपलं... म्हणजे आपल्या वॉर्डाचं? अय्या. मला वाटलं, असंच, असू दे आपलं."

"मलाही सकाळी तेच वाटलं," ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून काढायला जेवढं जड जाईल असं वाटलं होतं तेवढं गेलं नाही. "मला आठवतच नव्हतं. तुला खोटं सांगितलं मी, कारण आहे म्हणून."

नवीने शेजारची खुर्ची पायाने ओढून दिली, आणि ताई बसली.

ठिगळ्या मागून डोकावला. "काय चाललंय? कुणी मेलं का?" त्याला सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे त्या डबल नावांवर मी जे फिकट केलं, ती माणसं लिफ्टमध्ये होती?" "पुसली नाहीत हे नशीब. पण नर्सही खोट्या नव्हत्या हो. त्यांना कळणार कसं, की हे डबल नाही, वाटेत आहे? मग तसं लिहूयाच ना नावापुढे. 'वाटेत.' माझं फिकट प्रकरण काढून टाकतो, सगळंच." मग तो ताईच्या फाइलकडे बघून कमरेत वाकला. "ताई, माहेरी आत येऊ का?"

"या," ती म्हणाली. "पायपुसण्यावर पाय पुसून या."

तिघांनी ते मिळून केलं. तिच्या फाइलमध्ये एका वेळी तिघांची बोटं पडद्यावर, काचेवर ठसे. ठिगळ्याने उगीचच लांब नाव सुचवलं, नवीने आखूड केलं. ताईने एकदा सवयीने म्हटलं, "थांब, ते मी करते," आणि नवी थांबली, आणि मग ताईच म्हणाली, "नाही, कर तूच. मी बघते." बघत बसणं तिला हात बांधून ठेवल्यासारखं वाटलं. नवी एका ठिकाणी तिने केलं असतं त्याच्यापेक्षा वेगळं करत होती. वाईट नाही, वेगळं. नवीने लिफ्टमधल्या पेशंटची चाचणीही लिहून ठेवली, म्हणजे पुन्हा कुणी ती ओळ काढली तर कॉम्प्युटरच ओरडेल. शेऱ्यात काय लिहायचं यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी ठरलं : 'पेशंट वाटेत आहे. पुढच्या वॉर्डाकडून "घेतलं" येईपर्यंत हा आपल्या वॉर्डाचा.' जुने तीन शब्द गेले. तांबडे झाले आणि गेले. तिला वाटलं होतं, लागेल. थोडं लागलं.

मॅनेजर टोपण काढत-घालत आला, ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. आवृत्ती त्याने सकाळवर ढकलली, आणि काय सांगून ढकलायची हे या वेळी त्याने विचारलं नाही. मग म्हणाला, "आता ही फाइल कुणाकडे लावू? कोड आपला वगैरे ठीक आहे, पण आज जे झालं ते बघता कुणीतरी एक नाव हवंच. नाहीतर ठिगळ्या म्हणतो तसा जिन्यातला दिवा."

ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की आत्ता नुसती मान वर केली तरी पुरे. फाइल पुन्हा पूर्वीसारखी होईल, दार लागेल, आणि आज तर दार लावायला चांगलं कारणही होतं.

"माझं नाव घाला," नवी म्हणाली. मग घाईने, "म्हणजे ताईंची हरकत नसेल तर. मला अजून सगळं कळत नाही त्यातलं."

"हिचं घाला," ताई म्हणाली. "माझंही असू दे सध्या. ही 'घेतलं' म्हणेपर्यंत." आणि माथ्यावरचं ते वाक्य, 'विचारल्याशिवाय बदल करू नये', त्यावर तिने बोट ठेवलं. नवीने तिच्याकडे पाहिलं. "'विचारल्याशिवाय' काढ. 'सांगून बदल करावा' असं कर. आणि कुणाला सांगायचं ते लिहू नकोस. जो असेल त्याला."

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. आईने कुंड्यांना पाणी घातलं होतं आणि ते खालच्या थाळ्यांतून ओसंडून फरशीवर आलं होतं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर, वडील गुणगुणायचे त्यातली एक ओळ गुणगुणत, मधेच सोडून देत. तिने हात धुतले, बाटली घेतली, आईची हनुवटी वर केली. "वर बघ." पापणी खाली ओढली. थेंब पडला, आईने डोळा मिटला, पाणी सुरकुतीतून कानाकडे गेलं. "गार आहे," आई म्हणाली. दुसरा डोळा. दुपारचे हे, संध्याकाळचे मागून. एका वेळेला उशीर झाला होता, ती चुकली नव्हती. आई मिटल्या डोळ्यांनी तशीच वर तोंड करून बसून राहिली, आणि तिने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग फोन लावला.

"वहिनी, आई पोचली. घेतली बरं का."

"घेतली काय! सामान आहे का?" वहिनी हसली. "थेंब घातलेस?"

"आत्ता घातले. दुपारचे राहिले होते."

"मला वाटलंच. अगं, दुपारी इकडे माझ्या फोनचा गजर वाजला. आई नाहीत, कशाला वाजतोय मेला. बंद करायला गेले, पण करवेना. म्हटलं, तिचा फोन येईपर्यंत असू दे आपला."

"मग आता कर बंद," ती म्हणाली.

"करते," वहिनी म्हणाली. तिकडे बटण दाबल्याचा आवाज आला. इकडे तिने स्वतःच्या फोनमध्ये गजर लावला, आणि आईने अर्धवट सोडलेली ती ओळ, सूर जरा खालचा लागला तरी, उचलली.